नऊ दिवसांची डोकेदुखी

मुंबईत भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला एक तक्रार तोंडपाठ होते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, दादरहून सुटलेल्या संध्याकाळच्या लोकलमध्ये, कुठेही आपला पेशा एकदा कळला की शेजारची बाई मांडीवरची पिशवी सावरून बसते आणि सांगू लागते, "माझ्या सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं होतं हो, तेव्हापासून माझी कंबर गेली ती गेलीच." ज्या मुलासाठी ते सिझर झाले तो एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेला असतो, मधल्या पंचवीस वर्षांत बाईंनी पाण्याच्या कळशा उचललेल्या असतात, चाळीचे जिने हजारदा चढलेले असतात, ओट्याशी रोजचे चार तास उभ्याने काढलेले असतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते ती एकटी सुई. तरुणपणी मी हिरिरीने वाद घालत असे. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटावरचे ताणलेले स्नायू, बाळाला कडेवर घेऊन वाकणे, सगळे समजावून सांगत असे. पुढे वाद सोडला आणि ऐकून घेऊ लागले, कारण ऐकून घेतल्याने बाईंची कंबर थोडी तरी हलकी होत असावी.

डोकेदुखीची तक्रार मात्र मी कधीच उडवून लावलेली नाही. "मॅडम, झोपून असले की काही नाही, उठून बसले की डोकं फुटतं," हे वाक्य कोणा बाळंतिणीने उच्चारले की माझ्या पोटात खड्डा पडतो. ही डोकेदुखी खरीच सुईची असते. आणि ज्या माणसाने कमरेखालची भूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणली, त्यानेच ही पीडा स्वतःच्या डोक्यावर झेलली आणि तपशिलासकट छापून ठेवली.

त्याचे नाव आउगुस्ट बीअर. आडनाव ऐकून वर्गात हशा पिकणे ही भूलशास्त्राच्या शिक्षणातली जुनी परंपरा आहे, ती आमच्याही वेळी पाळली गेली. परीक्षेपुरता आमचा बीअर दोन ओळींचा होता: १८९८ साली पहिली स्पायनल, म्हणजे पाठीत सुई घालून दिलेली कमरेखालची भूल, आणि १९०८ साली हात बधिर करणारा बीअर ब्लॉक. या दोन ओळींमध्ये आणि त्यांच्या मागेपुढे किती मोठा, खटपट्या आणि काही बाबतींत न पटणारा माणूस उभा आहे, हे मला नोकरीची बरीच वर्षे उलटल्यावर, तेही माझ्या हातून झालेल्या एका चुकीच्या निमित्ताने कळले.

बीअरचा जन्म १८६१ सालचा, जर्मनीतल्या वाल्डेक प्रांतातल्या हेल्सेन या छोट्या गावचा. वैद्यकीचे शिक्षण बर्लिन, लाइपझिग आणि कील येथे झाले आणि कीलमध्येच तो फ्रीडरिश फोन एस्मार्क या नामांकित सर्जनच्या हाताखाली लागला. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एस्मार्क हे माणसाचे नाव आहे याची कोणाला आठवण नसते. "मामा, एस्मार्क द्या" असे म्हटले की वॉर्डबॉय रबराची रुंद पट्टी आणून देतात. ती पट्टी बोटांच्या टोकापासून वर घट्ट गुंडाळत गेले की हातातले रक्त वर सरकते आणि शस्त्रक्रियेची जागा जवळजवळ कोरडी होते. गुरूची ही पट्टी शिष्याला पुढे उपयोगी पडणार होती. त्याच कील शहरात हाइनरिश क्विंके हा वैद्यकाचा प्राध्यापक होता. त्याने १८९१ साली कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची सुटसुटीत रीत बसवली होती. कवटीतला दाब कमी करणे हा त्याचा हेतू. औषध आत सोडण्याचा त्यात विचार नव्हता. म्हणजे सुई कुठून घालायची हे बीअरला आपल्याच गावात शिकायला मिळाले.

औषध होते कोकेन. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले आणि काही महिन्यांत युरोप-अमेरिकेतले सर्जन ते जमेल तिथे टोचून पाहू लागले. न्यूयॉर्कच्या विल्यम हॉलस्टेडने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकमेकांच्या शिरा-नसांवर प्रयोग करून नस बधिर करण्याचे तंत्र उभे केले आणि त्याची किंमत व्यसनाने मोजली. हॉलस्टेडसारखा सर्जन आयुष्यभर त्या विळख्यातून पुरता सुटला नाही. न्यूयॉर्कच्याच जेम्स लेनर्ड कॉर्निंग या मज्जातंतुतज्ज्ञाने १८८५ साली पाठीच्या कण्यापाशी कोकेन टोचून पाय बधिर झाल्याचे लिहिले होते. मात्र त्याचे औषध बहुधा मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच राहिले असावे आणि शस्त्रक्रियेसाठी त्याने ते वापरले नव्हते.

क्लोरोफॉर्मच्या त्या काळात पूर्ण भूल ही आजच्यासारखी निर्धास्त गोष्ट नव्हती. भूल देणारा बहुधा नवशिका सहायक असे, तोंडावरच्या फडक्यावर थेंब टाकत तो नाडी चाचपडे, रुग्ण झटापट करी, ओकारी छातीत जाई, आणि पायाच्या घोट्यावरच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला धडधाकट माणूस कधी कधी टेबलावरच संपे. बीअरचा हिशेब साधा होता: नसा शरीरभर पसरल्यावर त्यांचा एकेकीचा पाठलाग करण्यापेक्षा, जिथून त्या निघतात तिथेच, आवरणाच्या आतल्या पाण्यात, थोडेसे औषध सोडले तर मोठा भाग बधिर होईल, आणि औषध थोडे असल्याने विषबाधाही टळेल. १६ ऑगस्ट १८९८ रोजी घोट्याच्या क्षयाने खंगलेल्या, यापूर्वी पूर्ण भुलीचा त्रास भोगलेल्या ३४ वर्षांच्या एका मजुराच्या पाठीत त्याने १५ मिलिग्रॅम कोकेन सोडले. शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. नंतर मात्र त्या मजुराला पाठदुखी, उलट्या आणि डोकेदुखीने घेरले.

आमच्या पेशात हा क्षण नेहमी येतो. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, सर्जन खुशीत असतो, कागदावर "यशस्वी" लिहिलेले असते, आणि वॉर्डातला माणूस म्हणत असतो की डोके फुटते आहे. बहुतेक वेळा "होईल कमी" असे म्हणून आपण पुढच्या खाटेकडे वळतो. बीअर वळला नाही. आणखी काही रुग्णांना भूल देऊन झाल्यावर त्याने ठरवले की हा त्रास नेमका काय आहे ते स्वतःवर पाहायचे.

२४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचा सहायक आउगुस्ट हिल्डेब्रांट याने बीअरच्या कमरेत सुई घातली. सुई बरोबर जागी पोहोचली, पाणी दिसू लागले, आणि मग कळले की सिरिंजचे तोंड सुईला बसतच नाही. दोघे खटपट करत राहिले, औषध बाहेर सांडत राहिले आणि बीअरच्या पाठीतले पाणी ठिबकत राहिले. ज्यांनी कधी अपुऱ्या सामानावर ओटी चालवली आहे त्यांना ही हकिगत वाचताना हसू आणि रडू बरोबरच येईल. आधुनिक शस्त्रक्रियेतला एक थोर प्रयोग फसला तो सुई आणि सिरिंज जुळत नाहीत म्हणून. सरकारी रुग्णालयातल्या रात्रपाळीत मीही हीच कुंडली जुळवत कितीदा बसले आहे.

मग हिल्डेब्रांट पुढे झाला. त्याच्या पाठीत बीअरने ५ मिलिग्रॅम कोकेन सोडले आणि घड्याळ लावून परीक्षा सुरू केली. मांडीत सुई हाडापर्यंत खुपसली, दुखले नाही. पेटती सिगार पायाला लावली, ऊब कळली पण वेदना नाही. नडगीवर लोखंडी हातोडा हाणला, नाही. काही चाचण्या अशाही केल्या की ज्या मराठीत लिहिताना लेखणी अडखळावी. छातीवरचे केस ओढले तेव्हा मात्र तो कळवळला. या शेवटच्या नोंदीचे मला फार कौतुक वाटते, कारण भूल कुठपर्यंत चढली आणि कुठे थांबली हे पाहण्याची आमची आजची रीत तीच आहे, फक्त केसांऐवजी आम्ही स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि विचारतो, "इथे गार लागतंय का? आणि इथे?" पाऊण तासाने हिल्डेब्रांटच्या संवेदना परत आल्या. दोघांनी भरपूर जेवण केले, वाइन घेतली, सिगार ओढल्या आणि आपापल्या घरी गेले.

हिल्डेब्रांटला रात्री उलट्या झाल्या, डोके ठणकले, आणि भूल उतरलेल्या नडगीने हातोड्याचा हिशेब पुढचे काही दिवस मागितला. बीअरला भूल अशी मिळालीच नव्हती. मिळाले ते केवळ सुईचे छिद्र आणि गळलेले पाणी. दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागल्यावर त्याचे डोके जड होऊन दुखू लागले, चक्कर येऊ लागली, आडवा झाला की सगळे शांत, उभा राहिला की पुन्हा सुरू. अशी नऊ दिवसांची रजा त्याला अंथरुणात काढावी लागली. त्यातून त्याने अंदाज बांधला की ही पीडा निदान काही अंशी तरी गळलेल्या पाण्याची असावी. तो अंदाज खरा ठरला. मेंदू या पाण्यावर जणू तरंगत असतो; पाणी कमी झाले की उठून बसताच तो खाली ओढला जातो आणि त्याला धरून ठेवणारी वेदनाशील आवरणे ताणली जातात.

आता माझी चूक. मी तेव्हा एका सार्वजनिक रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होते. सुया पुन्हा पुन्हा उकळून वापरल्या जात. टोकाला आकडा आला आहे का हे पाहण्यासाठी आम्ही सुई कापसातून ओढून पाहत असू, तंतू अडकला की ती बाजूला. त्या रात्री एका पहिलटकरणीचे सिझर होते, बारीक सुया धड उरल्या नव्हत्या, आणि मी २२ नंबरची जाड सुई घेतली. सुयांचा हिशेब उलटा चालतो, नंबर जितका लहान तितकी सुई जाड. पहिल्या प्रयत्नात हाडाला लागली, दुसऱ्यात पाणी आले, पण त्या आधीच्या एका फटक्यात आवरणाला आणखी एक छिद्र पडले होते असे मला आजही वाटते. मुलगी झाली, टाके पडले, सगळे ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "उठले की डोकं फुटतंय." मी तिला भरपूर पाणी प्यायला, चहा-कॉफी घ्यायला आणि आडवे पडून राहायला सांगितले, आणि वर "होतं असं कधी कधी" हे वाक्यही जोडले.

पाचवीच्या दिवशी तिची सासू दारात मला गाठून बोलली. त्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते अशी श्रद्धा. वॉर्डात पूजा कुठली, पण बाळाला मांडीवर घेऊन आईने निदान घटकाभर बसावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि सून बसू शकत नव्हती. "कोणाची दृष्ट लागली का काय, बाई?" असे त्या मलाच विचारत होत्या. दृष्ट कोणाची लागली ते मला माहीत होते. मी ते सांगितले नाही. आठ-दहा दिवसांनी ती मुलगी आपोआप बरी झाली आणि घरी गेली, जाताना माझ्या हातावर पेढा ठेवून गेली, आणि तो पेढा गिळताना मला जे वाटले त्यामुळे मी त्या संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन या डोकेदुखीविषयी मिळेल ते वाचू लागले. बीअरच्या नऊ दिवसांची गाठ मला तिथे पडली. तिच्या तोंडची वाक्ये आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या जर्मन प्राध्यापकाची लक्षणे एकमेकांवर ठेवली तर कडा जुळत होत्या.

पुढे बीअरने जे केले ते मला त्याच्या शोधापेक्षा मोठे वाटते. त्याने १८९९ साली आपले सगळे प्रयोग छापले, त्रासांसकट छापले, आणि कोकेन वापरून माणसांवर हे पुढे चालू ठेवणे आपल्याला योग्य वाटत नाही असे म्हणून हात आखडता घेतला. पॅरिसच्या तुफिए या सर्जनने ती पद्धत उचलली, शेकडो रुग्णांवर वापरली, युरोपभर तिचा गाजावाजा झाला, आणि जनक मात्र बाजूला उभा राहून सावधान म्हणत होता. नव्या कल्पनेला आपले नाव लागत असताना "अजून नाही" असे म्हणायला कोणत्या जातीचा संयम लागतो, ते आमच्याकडे नवीन यंत्र आले की त्याचे फोटो समाजमाध्यमांवर झळकवणाऱ्या मंडळींनी एकदा मनाशी पडताळून पाहावे. (त्या मंडळींमध्ये एकेकाळी मीही होते.) चांगले औषध हाती येईपर्यंत तो थांबला. आल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन तयार केले, ते १९०५ साली वापरात आले, आणि कोकेनचा विषारीपणा बराच मागे पडला. लंडनच्या आर्थर बार्करने १९०७ साली औषधात ग्लुकोज मिसळून ते पाण्यापेक्षा जड केले, म्हणजे रुग्णाला जसे झुकवू तसे ते वाहील. आज आमच्या ट्रेमधल्या कुपीवर "हेवी" लिहिलेले असते, त्याचे मूळ हेच.

मुंबईकराला स्वतःवर करून पाहणाऱ्या डॉक्टरची गोष्ट परकी वाटू नये. बीअरच्या दीड वर्ष आधी, १० जानेवारी १८९७ रोजी, प्लेगने शहर ओस पडत असताना वाल्डेमार हाफकिन याने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना मला दर वेळी तो कैद्यांचा तपशील टोचतो. डॉक्टरने स्वतःला टोचून घेतले की त्याला इतरांना टोचण्याचा हक्क मिळतो का, हा प्रश्न त्या काळात कोणी फारसा विचारत नसे. हिल्डेब्रांट तरी डॉक्टर होता, स्वतःहून पुढे आला होता. तरीही तो सहायक होता आणि समोर त्याचा वरिष्ठ सुई घेऊन उभा होता. रेसिडेन्सीत दिवस काढलेल्या कोणालाही "स्वतःहून" या शब्दाची किंमत ठाऊक असते. पुढे हा हिल्डेब्रांट बीअरच्या विरोधात गेला आणि शोधाचा मान कॉर्निंगचा असल्याचे मांडू लागला. वैज्ञानिक वाद म्हणून त्याकडे पाहता येते, पण मला त्यात नडगीवरचे वळ दिसतात.

बीअर कीलहून ग्राइफ्सवाल्ड, तिथून बॉन आणि १९०७ मध्ये बर्लिनला गेला, जर्मन सर्जरीच्या मानाच्या खुर्चीवर बसला. आणि तिथे १९०८ साली त्याने दुसरा शोध जाहीर केला, जो माझ्या मते अधिक देखणा आहे. एस्मार्कची पट्टी गुंडाळून हातातले रक्त वर ढकलायचे, दंडावर पट्टा आवळून परत येऊ द्यायचे नाही, आणि मग त्या रिकाम्या शिरांमध्येच प्रोकेन भरायचे. रक्तवाहिन्यांच्या वाटेने औषध नसांपर्यंत जाते आणि सगळा हात बधिर होतो. नस शोधायला नको, पाठीत सुई नको. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. तरीही ती पन्नास वर्षे अडगळीत पडली. त्याच्या रीतीत शीर उघडी करून घ्यावी लागे, ते किचकट होते. शिवाय मानेत आणि काखेत टोचून हात बधिर करण्याच्या रीतीही मध्यंतरी आल्या. १९६३ साली होम्स या डॉक्टरने लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध वापरून ती पुन्हा उजेडात आणली, आणि आमच्या पिढीच्या हाती ती तयार आली.

मध्ये दुसऱ्याच एका बीअरचीही ओळख होते. पहिल्या महायुद्धात आघाडीवर सल्लागार सर्जन असताना त्याला दिसले की गोळ्यांपेक्षा तोफगोळ्यांचे बारीक तुकडे सैनिकांच्या कवटीत शिरून अधिक नासधूस करतात. हानोव्हरचा अभियंता फ्रीडरिश श्वेर्ड याच्याबरोबर त्याने पोलादी शिरस्त्राणासाठी आग्रह धरला आणि १९१६ पासून ते शिरस्त्राण जर्मन सैनिकांच्या डोक्यावर चढले. डोक्याशी या माणसाचे काय नाते होते कोणास ठाऊक. १९२० साली बर्लिनमध्ये व्यायाम-शिक्षणाचे उच्च विद्यालय निघाले, त्याचा तो पहिला प्रमुख. उतारवयात त्याने होमिओपॅथीची बाजू घेऊन सहकाऱ्यांना खवळून सोडले. आणि १९३७ साली हिटलरच्या सरकारने नोबेलला पर्याय म्हणून काढलेले राष्ट्रीय पारितोषिक त्याने झाउअरब्रुख या सर्जनबरोबर वाटून घेतले. हे वाचल्यावर कितीतरी दिवस मी त्याचे नाव घेताना चाचरत होते. स्वतःच्या नऊ दिवसांच्या डोकेदुखीची एवढी बारकाईने नोंद ठेवणाऱ्याला भोवतालच्या माणसांवर काय गुदरते आहे ते दिसले नसेल, हे मला पटत नाही, आणि त्याचे समर्थनही मला सापडत नाही.

ब्रांडेनबुर्गमधल्या झाउएन या गावी त्याने १९१२ साली जमीन घेतली होती. रेताड माती, त्यावर एकसुरी पाइनची लागवड. त्यात त्याने पानझडी झाडे, झुडपे, नाना जाती मिसळून मिश्र वन वाढवायला घेतले आणि त्यातच आयुष्याची शेवटची वर्षे काढली. १९४९ साली तिथेच वारला, तिथेच पुरला गेला. ते जंगल अजून उभे आहे.

सुईचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण ते माझ्या रोजच्या कामाचे आहे. क्विंकेच्या नावाने चालणाऱ्या सुईचे टोक तिरके, धारदार. ते आवरणाचे धागे कापत जाते. १९५१ साली अमेरिकेत व्हिटेकरची सुई आली, टोक पेन्सिलीसारखे आणि छिद्र बाजूला. ती धागे बाजूला सारत जाते आणि काढल्यावर ते बरेचसे मिटतात. १९८७ मध्ये श्प्रॉटेने त्यातच सुधारणा केली. जाडीही घटत गेली, २५, मग २७ नंबर. १९६० साली गॉर्मलीने रुग्णाचेच थोडे रक्त काढून आवरणाबाहेर सोडायचा उपाय सांगितला, ते रक्त गोठून छिद्राला ठिगळ लागते. माझ्या त्या पहिलटकरणीला हे ठिगळ लावता आले असते. वरिष्ठांना विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्यानंतर मी जिथे जिथे स्पायनल दिली तिथे दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून एकच प्रश्न विचारला आहे: उठून बसलात का?

नोकरी सोडल्यावर मी मुंबईतल्या बहुतेक भूलतज्ज्ञांसारखी पिशवी घेऊन नर्सिंग होमे फिरू लागले. सकाळी मुलुंड, दुपारी घाटकोपर, रात्री फोन आला तर ठाणे. आता तेही आवरते घेतले आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी बोलावले. लालबागच्या एक आजी, वय पंचाहत्तरच्या पुढे, बाजारात पाय घसरून मनगट मोडलेले, दम्याचा जुना त्रास, आणि दोन तासांपूर्वीच पोटभर जेवलेल्या. पूर्ण भूल देणे धोक्याचे. मी बीअर ब्लॉक द्यायचे ठरवले.

हाताच्या पाठीवर छोटी सुई लावली, हात वर धरला. मोडके मनगट असल्याने एस्मार्क न आवळता नुसता वर धरूनच रक्त उतरू दिले, पट्टा फुगवला आणि लिग्नोकेन हळूहळू आत सोडले. आजींच्या गोऱ्या कातडीवर पांढरे-निळसर चट्टे उमटत गेले. "मेल्या हाताचा रंग बघा, संगमरवर झाला," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी हाड बसवले, प्लास्टर चढवले, आठ मिनिटांत काम संपले आणि ते हातमोजे काढून दाराकडे निघाले. पट्टा मात्र सोडता येत नव्हता. वीस मिनिटे पुरी होण्याआधी तो सोडला तर सगळे औषध एकदम रक्तात उतरते आणि हृदयापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचते; दुसरे एक दीर्घकाळ टिकणारे औषध वापरून यात मृत्यू झाले, म्हणून ते या ब्लॉकमधून कायमचे बाद झाले. त्यामुळे काम संपल्यावरही बसून राहणे हाच या ब्लॉकचा निम्मा भाग आहे. डॉक्टर गेले, सिस्टर कागद लिहू लागल्या, आणि मी घड्याळाकडे पाहत आजींशेजारी स्टुलावर बसले.

"आता कशासाठी थांबलोय आपण?" त्यांनी विचारले.

"पट्ट्याची वेळ व्हायचीय, आजी. बारा मिनिटं."

"आणि हे असं हात मारून टाकायचं कोणी काढलं?"

"बीअर नावाच्या डॉक्टरनं. जर्मनीतला."

"बीअर? दारूतली?" त्या इतक्या हसल्या की प्लास्टर हलू नये म्हणून सिस्टरना येऊन हात धरावा लागला. मग मी त्यांना उरलेली गोष्ट सांगितली: सहायकाची नडगी, सिगार, न बसणारी सिरिंज, आणि नऊ दिवस अंथरुणात पडलेला तो प्राध्यापक. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "आणि त्याला उठवायला-बसवायला, भरवायला कोण होतं?"

मी काही बोलण्याआधी त्यांनीच उत्तर दिले, "असेल कोणीतरी बाई घरातली. तिचं नाव कशाला कोण लिहितंय."

वीस मिनिटे झाली. मी पट्टा थोडा सैल केला, पुन्हा फुगवला, पुन्हा सैल केला, आणि त्यांच्या ओठांना मुंग्या येतात का, कानात घंटी वाजते का, हे विचारत राहिले. काही नव्हते. हाताचा रंग परतू लागला. "आलं बाई रक्त," असे म्हणून आजींनी प्लास्टरबाहेर डोकावणारी बोटे एकेक करून हलवून पाहिली आणि करंगळी अजून जड आहे अशी तक्रार केली. ती मी कागदावर लिहून घेतली.